अभ्यास : माणसं जोडताना आधी काय सांगावं?

उत्सवाच्या सेवेसाठी नवी नावं घ्यायची आहेत, म्हणून या वेळी अभ्यासाला एक लांबचं उदाहरण घेऊ.

अमेरिकेत युटा राज्यात प्रोव्हो इथे ब्रिगहॅम यंग विद्यापीठ आहे. १८७५ साली सुरू झालेलं, मॉर्मन पंथाच्या चर्चचं. तिथे शिकायचं तर आचारसंहिता पाळावीच लागते. दारू-तंबाखू नाही, लग्नाआधी शरीरसंबंध नाहीत, कॉफी नाही, चहासुद्धा नाही. (आपल्यातले निम्मे इथेच बाद!) रविवारी संघ खेळत नाही, सामना कितीही मोठा असो.

आता प्रशिक्षकाची पंचाईत बघा. पंथाचे बरेच मुलगे दोन वर्षं धर्मकार्याला बाहेर जातात. म्हणजे आज निवडलेला खेळाडू कधी कधी दोन-तीन वर्षांनी मैदानात उतरणार! पंथाबाहेरचे खेळाडूही घेतात, पण त्यांनाही नियम तेच. म्हणून सगळं आधीच स्पष्ट सांगावं लागतं. ज्याला जमणार नाही तो आपणहून नाही म्हणतो. चांगले खेळाडू त्यामुळे हातचे जातात, हे खरंच. पण जो येतो तो समजून-उमजून येतो.

याची खरी परीक्षा मार्च २०११ मध्ये झाली. त्यांचा बास्केटबॉल संघ देशात तिसऱ्या क्रमांकावर होता आणि राष्ट्रीय स्पर्धा तोंडावर आली होती. तेवढ्यात एका प्रमुख खेळाडूने आचारसंहिता मोडल्याचं समोर आलं. विद्यापीठाने त्याला उरलेल्या हंगामासाठी बसवलं. पुढचाच सामना घरच्या मैदानावर ८२-६४ असा हरले. राष्ट्रीय स्पर्धेतही शेवटच्या सोळांपर्यंतच पोचले. त्यांचे सगळे नियम आपल्याला पटतील असं नाही, तिकडेही त्यावर टीका झाली. पण आम्हाला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. तो मुलगा पुढच्या हंगामात त्याच संघात परत खेळला. शिक्षा झाली, पण दार बंद झालं नाही.

मंडळांमध्ये बऱ्याचदा उलट दिसतं. तबल्याला चांगला हात मिळाला की सगळे खूश, आणि वेळ पाळणं, निर्व्यसनी राहणं वगैरे त्याला हळूच नंतर कळतं. मग तो दुखावतो, आपणही.

घरी सगळ्यांनी मिळून यावर बोला : उत्सवाच्या आदल्या दिवशी मुख्य गायकानेच नियम मोडला, तर त्याला बसवायचं का? आणि बसवलं, तर त्याच्या घरी दुसऱ्या दिवशी प्रसाद घेऊन कोण जाणार? मुलांचंही मत विचारा. उत्तरं रविवारपर्यंत ग्रुपवर टाका.