जुन्या कागदांतून पूर्वजांची ओळख कशी पटवावी?

पीक कर्ज, पीक विमा, वाटणी किंवा जमिनीची मोजणी यांपैकी कोणतेही काम निघाले की प्रथम सातबारा पाहिला जातो. त्यावर आजही आजोबांचे किंवा पणजोबांचे नाव असेल तर काम तेथेच अडते. धरणगाव परिसरात पिकाविषयीच्या चर्चासत्रानंतरही हा प्रश्न हमखास निघतो: "हे आमचेच पणजोबा, हे सिद्ध कसे करायचे?" म्हणून या लेखात त्याची पद्धत दिली आहे.

नाव सापडणे आणि ओळख पटणे

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. उदाहरणादाखल एक कल्पित घर घेऊ. सातबाऱ्यावर 'दगडू झिपरू', शाळेच्या रजिस्टरात 'दगा झिपरू' आणि जुन्या हक्कनोंदीत 'दगा वल्लद झिपरू' असे नाव आहे. ही तिन्ही नावे एकाच माणसाची असू शकतात. परंतु त्याच गावात दुसऱ्या भाऊबंदकीतही एक 'दगा झिपरू' असू शकतो. म्हणून केवळ नावावर विसंबू नये. वडिलांचे नाव, गाव, सर्व्हे नंबर आणि भावांची नावे यांपैकी किमान तीन खुणा जुळल्या तरच नोंद आपली मानावी.

२०२३ साली राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. कुणबी नोंदी शोधण्यासाठी महसुली कागद, जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या व शाळांची रजिस्टरे तपासली गेली. तेव्हाही अनेकांना हाच अनुभव आला. नोंद सापडली तरी ती व्यक्ती आपल्याच वंशातील आहे हे वंशावळीने जोडून दाखवावे लागते. जमिनीच्या वारसाचेही तसेच आहे.

सुरुवात आजपासून करावी

शोध नेहमी ओळखीच्या माणसाकडून अनोळखी माणसाकडे न्यावा. प्रथम स्वतःचा दाखला, मग वडिलांचा, मग आजोबांचा. मधली एक पिढी सोडून पणजोबांकडे उडी मारू नये. प्रत्येक पायरीला बाप-लेकाचे नाते दाखवणारा निदान एक कागद हवा. घरातील वयस्कर माणसांकडून वंशावळ उतरवून घ्यावी. तीत आत्या, बहिणी व निपुत्रिक वारलेले भाऊ यांची नावेही लिहावीत. मुलींची नावे वगळलेली वंशावळ खोटी ठरते व पुढे हरकत येते.

कोणता कागद कोठे पाहावा?

१) फेरफार नोंदवही (गाव नमुना ६): सर्वांत उपयोगी कागद. सातबाऱ्यावर नावाजवळ फेरफार क्रमांक असतो. त्याच्या आधारे मागे मागे जावे. 'अमुक मयत, वारस अमुक' ही नोंद म्हणजे दोन पिढ्यांचा थेट सांधा होय. वारसांची नोंदवही (६-क) सोबत पाहावी.

२) जुने सातबारा व हक्कनोंदीची पत्रके: तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात. अनेक तालुक्यांचे जुने अभिलेख स्कॅन होऊन महाभूमीच्या संकेतस्थळावरही मिळतात.

३) एकत्रीकरणाची पत्रके: १९४७ च्या कायद्यानुसार एकत्रीकरण झालेल्या गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुना व नवा नंबर जोडण्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयातून हे पत्रक घ्यावे.

४) कुळकायद्याचे कागद: पणजोबा कूळ असतील तर ३२-ग ची चौकशी व ३२-म चे प्रमाणपत्र शोधावे. चौकशीतील जबाबात कुटुंबाची माहिती मिळू शकते.

५) जन्म-मृत्यू नोंद (गाव नमुना १४, कोतवाल बुक) व शाळेचे प्रवेश-निर्गम रजिस्टर: येथे वडिलांचे नाव व गाव सापडते.

खानदेशात शोधताना

कागदावरील जिल्ह्याचे नाव पाहून गोंधळू नये. १९०६ पूर्वी एकच खानदेश जिल्हा होता व त्याचे मुख्य ठाणे धुळे होते. १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम खानदेश झाले. १९६० पासून त्यांना जळगाव व धुळे ही नावे मिळाली. धरणगाव पूर्वी एरंडोल तालुक्यात होते. त्यामुळे जुने दप्तर शोधताना एरंडोलचे नाव सांगून चौकशी करावी.

कागद वाचताना

'वल्लद' किंवा 'बिन' म्हणजे अमुकचा मुलगा. 'कोम' म्हणजे अमुकची बायको. 'ए. कु. मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. ही अक्षरे फार महत्त्वाची आहेत. थोरल्या भावाचेच नाव उताऱ्यावर असले तरी जमीन एकट्याची नव्हती, हे त्यावरून दिसते. धाकट्या भावाच्या वारसांनी हा शब्द आवर्जून शोधावा. 'अ. पा. क.' असेल तर खातेदार त्या वेळी अज्ञान होता असे समजावे. त्यावरून वयाचाही अंदाज येतो.

हिस्सा आण्यांत लिहिलेला असतो; ८ आणे म्हणजे निम्मा. शके सनात ७८ मिळवले की इसवी सन येतो. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो व शब्द सलग लिहिलेले असतात, म्हणून जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे.

टिपणवही ठेवावी

एका वहीत सन, कागदाचे नाव, त्यावरील नाव जसेच्या तसे, वडिलांचे नाव, सर्व्हे नंबर व नक्कल कोठून घेतली असे रकाने पाडावेत. न जुळणारी नोंदही लिहावी. मूळ कागदावर खाडाखोड कधीही करू नये. एका अक्षराच्या दुरुस्तीने खरा कागदही संशयास्पद होतो. झेरॉक्सपेक्षा प्रमाणित नक्कल घ्यावी.

अर्ज व हरकत

जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे वारसाने हक्क मिळाल्यापासून ३ महिन्यांत तलाठ्यास (आताचे ग्राम महसूल अधिकारी) कळवावे. उशीर झाला असला तरी अर्ज करावा. मृत्यूचा दाखला, वंशावळीचे प्रतिज्ञापत्र व जुन्या नकला जोडाव्यात. नोटीस निघाल्यावर हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. त्यानंतर मंडळ अधिकारी निर्णय देतात. मात्र फेरफाराने मालकी ठरत नाही. वारसाबद्दल खरा वाद असेल तर तो दिवाणी न्यायालयातच सुटतो.

आजोबांची माहिती असणारी माणसे आपल्यात आहेत तोवरच हे काम सोपे आहे. तेव्हा रब्बीची पेरणी आटोपली की एक दिवस काढावा, घरच्या वडीलधाऱ्यांजवळ वही घेऊन बसावे आणि वंशावळ लिहून घ्यावी. कागद दप्तरात पुढेही सापडेल. पण 'दगा' आणि 'दगडू' एकच, हे सांगणारा माणूस पुन्हा भेटणार नाही.