एकच साइट रुसली, तक्रार कोणाकडे?

प्रश्न : घरच्या ब्रॉडबँडवर एक साइट उघडत नाही, मोबाइल डेटावर लगेच उघडते. केबलवाला म्हणतो, 'आमची लाइन ओके आहे.' मग दोष कोणाचा?
– एक वाचक, सातारा

उत्तर : केबलवाला खोटं बोलत नसावा. इंटरनेटला एक मालक नाही. हजारो स्वतंत्र नेटवर्क 'अमुक पत्त्यांकडे माझ्याकडून जा' असं एकमेकांना सांगतात आणि बरंचसं विश्वासावर चालतं. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमने देशापुरतं यूट्यूब बंद करायला खोटी वाट जाहीर केली. ती हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू या टेलिकॉम कंपनीमार्फत बाहेर पसरली आणि जगात बऱ्याच ठिकाणी यूट्यूब सुमारे दोन तास गायब! शेवटी पीसीसीडब्ल्यूने ती वाट तोडली, तेव्हा सुटलं.

तुमचंही दुखणं मधल्याच एखाद्या सांध्यात असू शकतं. नुसतं 'नेट चालत नाही' म्हणालात, तर राउटर बंद-चालू करायला सांगतील. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून 'ट्रेसर्ट' (tracert) कमांड द्या, पुढे साइटचं नाव; वाटेतले राउटर ओळीने दिसतील. वेळेसह स्क्रीनशॉट काढा, आपला पब्लिक आयपी पत्ता जोडा आणि 'हे तुमच्या नेटवर्क ऑपरेशन सेंटरला पाठवा' असं केबलवाल्याला लिहा. समोरच्या नेटवर्कशी बोलणारी माणसं तिथेच बसतात. मधे नुसत्या चांदण्या (*) दिसल्या तरी घाबरू नका. काही राउटर उत्तरच देत नाहीत.