फ्लॉरेन्स पाहायचे आहे? करमळीला उतरा



एका भगिनीने विचारले, "फादर, जन्मात एकदा इटलीतले फ्लॉरेन्स बघायला मिळेल का?" मी म्हणालो, "बाई, आधी खेडला गाडीत बसा आणि करमळीला उतरा." ही थट्टा नव्हती.

जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बॅसिलिकेत वेदीच्या उजवीकडे संत फ्रान्सिस झेवियर यांची समाधी आहे. तिचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सचा. तस्कनीचे ग्रँड ड्यूक तिसरे कोझिमो यांनी तो दिला, शिल्पकार फोज्जिनी यांनी घडवला; सुटे भाग जहाजाने येऊन १६९८ साली येथे जोडले गेले. वरची चांदीची पेटी मात्र गोव्याच्याच कारागिरांची, साठ वर्षे आधीची.

आपली माणसे फक्त पेटीकडे पाहतात. पवित्र शव खाली आणतात ते साधारण दहा वर्षांनी (मागच्या वेळी २०२४-२५ मध्ये), म्हणून हिरमुसून पाच मिनिटांत बाहेर! सेमिनरीत असताना मीही तसाच बाहेर पडलो होतो. चौथऱ्यावर संतांच्या जीवनातील प्रसंगांचे चार ब्राँझपट आहेत. ते मुलांना समजावून सांगा. त्यासाठी घरूनच चरित्र वाचून निघा.

एका दिवसात सगळी चर्चेस उरकू नका. मुक्काम करा. पहिल्या दुपारी सांता मोनिका मठातील ख्रिस्ती कला संग्रहालय पाहा (सुट्टीचा वार आधी विचारा, वाट चढाची आहे, म्हाताऱ्यांना रिक्षा करा). दुसऱ्या सकाळी मिस्सा, मग समोरचे से कॅथेड्रल. सगळ्या गाड्या खेड आणि करमळी दोन्हीकडे थांबत नाहीत, तेव्हा वेळापत्रक पाहूनच तिकीट काढा.