एका शर्यतीच्या मोटारीचें साधें इंजिन



मुंबईस आगगाडींतून उतरून काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींत बसल्याचें आपल्या घरच्या वडील माणसांस आठवत असेल. ही टॅक्सी इ. स. २०२३ च्या आक्टोबरांत त्या शहराच्या रस्त्यांवरून कायमची गेली. परवां वर्गांत तिचा विषय निघाला तेव्हां एक मुलगा म्हणाला, "सर, ती तर बैलगाडीच!" सारा वर्ग हंसला, आम्हीही हंसलों. परंतु त्या बैलगाडीच्या इंजिनाची भावकी कोठवर पोंचली आहे, हें तासाची घंटा झाल्यामुळें सांगावयाचें राहिलें. तें येथें सांगतों.

इटलींतील तुरीन शहरच्या फियाट कंपनीनें १९३७ सालीं ११०० नांवाची एक घरगुती मोटार काढली. (फियाट हें नांव आपणांस परकें नाहीं, पुढें आपल्याच शिरूर तालुक्यांत रांजणगांवास फियाट व टाटा यांच्या भागीदारीचा कारखाना उभा राहिला.) तिच्या इंजिनास चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर, आंतील दट्ट्याची धांव ७५ मिलिमीटर. वहीच्या कोपऱ्यांत वर्तुळाचें क्षेत्रफळ काढून धांवेनें गुणावें व चौपट करावी. उत्तर १०८९ घन सेंटिमीटर येईल. सोलापुरांत जन्मलेल्या व इंदापूर तालुक्यांत वालचंदनगर वसविणाऱ्या शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर कंपनी स्थापिली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत पुढें जी पद्मिनी तयार होऊं लागली, तिच्या इंजिनाचीं मापेंही हींच होतीं.

आतां दुसरें महायुद्ध संपल्यानंतरच्या तुरीनला जाऊं. कारखाने बाँबनें मोडलेले, लोखंडाची टंचाई. अशा वेळीं पिएरो दूसिओ या उद्योगपतीस शर्यतीच्या मोटारी बांधण्याची हौस होती. नवें इंजिन घडविण्याइतकी सवड व सामग्री कोठून आणावी? त्यानें फियाटचे नामांकित अभियंते दान्ते जाकोझा यांस गांठलें. ११०० चें इंजिन मुख्यतः यांच्याच हातचें. त्यांनीं बाजारांत मिळणारे फियाटचेच भाग घेतले, पोलादी नळ्या जोडून हलका सांगाडा केला आणि सिलिंडरांतील दाब वाढवून इंजिनाची शक्ति सुमारें ६० अश्वशक्तीपर्यंत नेली. आमच्या पद्मिनीची शक्ति साधारण ४०, आणि तिचें वजन या गाडीच्या दुपटीहून अधिक. ही गाडी ४०० किलोंच्याही आंत होती. वेगाचें अर्धें रहस्य येथेंच आहे. गाडीचें नांव चिसितालिया.

१९४६ सालीं तुरीनच्या पहिल्याच शर्यतींत दूसिओ स्वतः जिंकला. त्याच शर्यतींत तात्सिओ नुवोलारी या प्रख्यात चालकाच्या हातांत सुकाणूचें चक्रच निखळून आलें, तेव्हां उरलेला दांडा धरून त्यानें गाडी हांकली!

खरी कसोटी १९४७ च्या जूनमध्यें झाली. ब्रेशिया शहराहून रोमला जाऊन परत ब्रेशियास यावयाचें, अशी मिल्ले मिल्या, म्हणजे 'हजार मैल', नांवाची शर्यत; त्या वर्षीं मार्ग १८०० किलोमीटरांहून अधिक. नुवोलारी ५४ वर्षांचा. फुफ्फुसें धुरानें निकामी होत आलेलीं, आणि दोन्ही तरुण मुलगे मृत्यूनें ओढून नेलेले; त्यांपैकीं धाकटा तर आदल्याच वर्षीं. त्याची चिसितालिया उघडी होती. उलट बिओन्देत्तीची आल्फा रोमेओ बंद, व तिचें इंजिन अडीच पटींहून मोठें. तरीही रोमपर्यंत नुवोलारी पुढें होता. परततांना उत्तरेकडे मुसळधार पावसानें गांठलें. ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेंत पाणी शिरलें, इंजिन बंद पडलें. तें कोरडें करण्यांत मोलाचीं मिनिटें गेलीं व बिओन्देत्ती पुढें निघून गेला. नुवोलारी दुसरा आला. तिसऱ्या व चौथ्या क्रमांकांवरही चिसितालियाच होत्या. जिंकणाऱ्यापेक्षां हरणाऱ्याचें नांव लोकांच्या तोंडीं अधिक राहिलें, हें आम्हांस वावगें वाटत नाहीं.

पुढची हकीकत थोडक्यांत. मोठ्या शर्यतींसाठीं पोर्श यांच्या मंडळीकडून अतिशय महागडी मोटार बांधवून घेण्याच्या नादांत दूसिओचें दिवाळें निघालें व तो आर्जेंटिनास गेला. पीनिन फारीना यांनीं घडविलेल्या अंगाच्या, २०२ नांवाच्या बंद गाड्या मात्र सुमारें १७० तयार झाल्या. त्यांतील एक न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानें १९७२ सालीं आपल्या संग्रहांत घेतली. तिचें झांकण उघडलें तर आंत चार सिलिंडरच आढळतील : व्यास ६८, धांव ७५.