फ्री पीडीएफ सॉफ्टवेअर: आधी काम लिहा, मग डाउनलोड करा



व्हिडिओत आपण पीडीएफची रोजची कामं स्क्रीनवर करून पाहिली. व्हिडिओ सारखा थांबवून नोट्स काढाव्या लागू नयेत, म्हणून तोच धडा इथे पायरी-पायरीने देत आहे.

धंदा सुरू केला की पीडीएफ आलंच. कोटेशन, बिल, उद्यम प्रमाणपत्र, जीएसटी सर्टिफिकेट, बँक स्टेटमेंट, सगळं पीडीएफमध्येच मागतात. मग आपण गूगलवर 'फ्री पीडीएफ एडिटर' टाकतो, सगळ्यात वरच्या लिंकवर क्लिक करतो आणि नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश! दुसऱ्या दिवशी ब्राउझरचं होमपेज बदललेलं असतं आणि कधीही न मागितलेला अँटिव्हायरस दर तासाला पैसे मागत असतो.

असं का होतं? मोफत सॉफ्टवेअर देणाऱ्यालाही खर्च असतो. काही जण दुसऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर सोबत चिकटवतात आणि प्रत्येक इन्स्टॉलमागे त्या कंपनीकडून पैसे घेतात. ही झाली त्रासाची गोष्ट. यापुढची पायरी धोक्याची आहे. २०२५ मध्ये 'अ‍ॅपसूट पीडीएफ एडिटर' नावाचा मोफत प्रोग्रॅम गूगलच्या जाहिरातींमधून पसरवला गेला. सुरुवातीचे काही आठवडे तो गुपचूप बसला, आणि ऑगस्टमध्ये त्याने ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड चोरायला सुरुवात केली. आपलं नेटबँकिंग, जीएसटी लॉगिन आणि ग्राहकांची माहिती त्याच कॉम्प्युटरवर असते, हे लक्षात घ्या.

पायरी १: कागदावर काम लिहा

'पीडीएफ सॉफ्टवेअर पाहिजे' हे काम नाही. काम म्हणजे यापैकी काहीतरी:

- फाइल उघडणं, वाचणं, प्रिंट काढणं
- नवीन पीडीएफ बनवणं
- दोन-तीन फाइल जोडून एक करणं
- पोर्टलवर चढवण्यासाठी साइज कमी करणं
- फॉर्म भरणं
- पीडीएफमधला मजकूर बदलणं

शेवटच्या कामासाठीच बहुतेक जण एडिटर शोधत फिरतात. खरं तर कोटेशनचा दर बदलायचा असेल, तर वर्ड किंवा एक्सेलची मूळ फाइल उघडा, दर बदला आणि पीडीएफ पुन्हा बनवा. मूळ फाइल जपून ठेवायची सवय लावली की एडिटरची गरज क्वचितच पडते.

पायरी २: घरात आहे ते आधी वापरा

पीडीएफ हा प्रकार अ‍ॅडोबी कंपनीने १९९३ मध्ये आणला आणि २००८ मध्ये तो खुला आंतरराष्ट्रीय मानक झाला. त्यामुळे पीडीएफ वाचण्याची आणि बनवण्याची सोय आज जवळपास प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये आहेच.

- वाचायला: क्रोम, एज, फायरफॉक्स. तिन्हींत पीडीएफ थेट उघडतं.
- बनवायला: वर्डमध्ये 'सेव्ह अ‍ॅज' करून पीडीएफ निवडा. गूगल डॉक्समध्ये 'फाइल', मग 'डाउनलोड', मग पीडीएफ. विंडोज १० आणि ११ मध्ये कुठूनही प्रिंट देताना प्रिंटरच्या जागी 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' निवडा.
- फॉर्मवर लिहायला: एज आणि फायरफॉक्स, दोन्हींत पीडीएफवर मजकूर टाकता येतो.
- साइज कमी करायला: वर्डमधून सेव्ह करतानाच 'मिनिमम साइज' निवडा.

पायरी ३: तरीही काम अडलं, तर एकच सॉफ्टवेअर घ्या

- फाइल जोडणं, तोडणं, पानं फिरवणं: पीडीएफसॅम बेसिक. मोफत आणि ओपन सोर्स. याच नावाची पैशांची आवृत्तीही आहे, म्हणून 'बेसिक' शब्द बघूनच घ्या.
- साइज कमी करण्यासकट बरीच कामं: पीडीएफ२४ क्रिएटर. विंडोजसाठी मोफत, धंद्यासाठीही चालतं, आणि फाइल आपल्याच कॉम्प्युटरवर राहते.
- जुना, हळू चालणारा कॉम्प्युटर: सुमात्रा पीडीएफ. छोटा, हलका रीडर.
- वर्ड विकत घेतलेलं नाही: लिब्रेऑफिस. त्यातूनच पीडीएफ बनतं.
- ई-आधारसारख्या फाइलवरची डिजिटल सही तपासायची: अ‍ॅडोबी अ‍ॅक्रोबॅट रीडर. डाउनलोड करताना त्या पानावर सोबतच्या ऑफरची टिक दिसली, तर ती आधी काढा.

'फ्री' शब्दाखाली काय लिहिलंय तेही वाचा. 'फ्री ट्रायल' म्हणजे काही दिवसांपुरतं, किंवा सेव्ह करताना वॉटरमार्क मारणारं. 'फॉर पर्सनल यूज' म्हणजे घरगुती वापरापुरतं. दुकानात वापरायचं असेल तर त्याचं लायसन्स घ्यावं लागतं.

पायरी ४: डाउनलोड आणि इन्स्टॉल

१. गूगलवर 'प्रायोजित' लिहिलेल्या लिंकवर क्लिक करू नका. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याच्याच साइटवरून किंवा मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घ्या. नावाजलेली डाउनलोड साइट म्हणजे हमी नव्हे. सोर्सफोर्ज या प्रसिद्ध साइटवरही २०१३ पासून काही इन्स्टॉलरसोबत जादा प्रोग्रॅम येत होते. २०१६ मध्ये मालक बदलल्यावर ते बंद झालं.

२. पानावर तीन-चार हिरवी 'डाउनलोड' बटणं दिसली तर थांबा. त्यातली बरीचशी जाहिराती असतात.

३. इन्स्टॉल करताना 'एक्सप्रेस' किंवा 'रेकमेंडेड' ऐवजी 'कस्टम' निवडा. आधीपासून केलेल्या टिक तिथे दिसतात. नको त्या काढा.

४. 'अ‍ॅक्सेप्ट' दाबण्याआधी त्या स्क्रीनवर कोणत्या सॉफ्टवेअरचं नाव आहे ते वाचा. दुसरंच नाव असेल तर 'डिक्लाइन' किंवा 'स्किप' दाबा. ते बटण मुद्दाम फिकट ठेवलेलं असतं, पण ते दाबल्यावरही आपलं सॉफ्टवेअर इन्स्टॉल होतंच. डिक्लाइनची सोयच नसेल तर सरळ 'कॅन्सल' करा.

५. विंडोज सिक्युरिटीमध्ये 'अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल' उघडा, 'रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन'मध्ये जा आणि नको असलेली अ‍ॅप्स अडवण्याची सेटिंग चालू करा.

ऑनलाइन साइट्सचं काय?

इन्स्टॉलची कटकट नाही म्हणून अनेक जण ऑनलाइन साइटवर फाइल चढवतात. साधं माहितीपत्रक असेल तर ठीक. पण आधार, पॅन, बँक स्टेटमेंट, ग्राहकांची यादी अनोळखी साइटवर कधीही टाकू नका. तिथे फाइल दुसऱ्याच्या सर्व्हरवर जाते. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनेही मोफत फाइल कन्व्हर्टर साइट्सबद्दल सावध केलं होतं, कारण त्यातल्या काही फाइल बदलून देताना व्हायरसही देतात.

आजचा गृहपाठ

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्सची यादी उघडा आणि ती तारखेनुसार लावा. जे तुम्ही घेतलेलं नाही आणि ज्याचं काम माहीत नाही, त्याचं नाव वहीत लिहा. कॉम्प्युटरबरोबर आलेली काही अ‍ॅप्स गरजेची असतात, म्हणून आधी त्या नावाची माहिती काढा आणि मग अनइन्स्टॉल करा. ब्राउझरची एक्स्टेन्शन्सही तशीच तपासा. संशयास्पद काही सापडलं, तर बँकेचे आणि जीएसटीचे पासवर्ड बदला, पण ते दुसऱ्या, स्वच्छ कॉम्प्युटरवरून किंवा मोबाइलवरून.

अर्ध्या तासाचं काम आहे. दुकानाचं शटर रोज न चुकता लावतो ना, मग ही कडीही लावून घ्या.