आठ दिवसांनंतर पुन्हा



२१ एप्रिल २०१९, ईस्टरची सकाळ. श्रीलंकेत तीन चर्चमध्ये आणि कोलंबोतील मोठ्या हॉटेलांत बॉम्बस्फोट झाले. २५० हून अधिक माणसे मरण पावली. निगोंबोजवळच्या कटुवापिटिया गावातील संत सेबॅस्टियन चर्चमध्येच १०० हून अधिक जण गेले. त्यांत कितीतरी लहान मुले होती.

पुढच्या रविवारी, २८ एप्रिलला, सुरक्षेसाठी तेथील चर्चमधील मिस्सा बंद ठेवाव्या लागल्या. कार्डिनल माल्कम रंजित यांनी आपल्या निवासस्थानातील चॅपेलमध्ये मिस्सा अर्पण केली. लोकांनी ती घरी बसून टीव्हीवर पाहिली. ईस्टरनंतरच्या या रविवारी दरवर्षी योहानच्या शुभवर्तमानाचा २० वा अध्याय वाचतात. भीतीने दारे लावून बसलेले शिष्य आणि त्यांच्यामध्ये येऊन उभा राहिलेला प्रभू! त्या वर्षी श्रीलंकेतील ख्रिस्ती घराघरांत हे शुभवर्तमान अक्षरशः घडत होते. शोकग्रस्तांना आधार कसा द्यावा, हे त्यातून आपण शिकू या.

१) प्रभू बंद दारातून आत आला. शिष्यांनी बाहेर यावे म्हणून तो थांबला नाही. दुःखी माणसाला चर्चपर्यंत येण्याचे बळ नसते, म्हणून चर्चने त्याच्या घरी जायचे असते. आत गेल्यावर प्रभूने "का पळालात?" असे विचारले नाही, आधी शांती दिली. आपण मात्र सांत्वनाला जातो आणि "देवाची इच्छा", "देवाला चांगली माणसे हवी असतात" असे बोलून मोकळे होतो. ज्या आईचे मूल गेले तिला यातून देव निष्ठुर वाटू लागतो. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसले, तोवर ते खरे मित्र होते. कारणे सांगू लागले आणि त्यांचे चुकले.

२) प्रभूने जखमा लपवल्या नाहीत. पुनरुत्थानानंतरही त्याच्या हातांवर व कुशीवर व्रण होते. कटुवापिटियाच्या चर्चमधील पुनरुत्थित येशूच्या पुतळ्यावर त्या दिवशी रक्त उडाले होते. तेथील लोकांनी तो पुतळा धुऊन काढला नाही, काचेआड जपून ठेवला. २०२० च्या ईस्टरला कार्डिनलांनी हल्लेखोरांना क्षमा केल्याचे जाहीर केले. पण सत्य बाहेर यावे ही मागणी सोडली नाही. क्षमा म्हणजे जखम झाकणे नव्हे. म्हणून शोकग्रस्तांना "आता विसरा" असे सांगू नये. गेलेल्याचे नाव घ्यावे, त्याची आठवण काढावी, त्यांना रडू द्यावे.

३) प्रभू आठ दिवसांनी पुन्हा आला. पहिल्या वेळी थोमा नव्हता. त्या एकासाठी प्रभू परत आला. श्रीलंकेत संत सेबॅस्टियन चर्च तीन महिन्यांनी, जुलै २०१९ मध्ये, पुन्हा उघडले. पण काम तेथे संपले नाही. आजही २१ एप्रिलला मृतांसाठी प्रार्थना होते, त्यांची नावे आठवली जातात.

आपल्याकडे कसे असते? दफनविधीला चर्च भरते. घरी रोज संध्याकाळी रोझरी होते, सातव्या दिवसाची मिस्सा होते, महिन्याची होते. मग खुर्च्या परत जातात आणि घर रिकामे होते. चौथ्या महिन्यात, पहिल्या नाताळाला, गेलेल्याच्या वाढदिवसाला त्या घरी कोण जाते? खरी गरज तेव्हाच असते. अपघातात, पाण्यात बुडून किंवा आत्महत्येने माणूस गेला असेल, तर कुजबुजीच्या भीतीने ते कुटुंब दार अधिकच घट्ट लावून घेते. तेथे तर आपण आधी गेले पाहिजे.

एखादा शोकग्रस्त मिस्सेला येईनासा झाला, देवावर रागावला, तर त्याला अश्रद्ध ठरवू नका. तो आपला थोमा आहे. त्याच्यासाठी पुन्हा जावे लागते.

छोट्या ख्रिस्ती समूहात चर्चेसाठी:
• गेल्या वर्षभरात आपल्या विभागात कोणत्या घरी दुःख घडले? त्यानंतर आपण तेथे किती वेळा गेलो?
• पुढच्या वेळी कोण जाणार आणि कोणत्या दिवशी? आजच ठरवा.

प्रार्थना: हे पुनरुत्थित प्रभो, बंद दारांआड बसलेल्यांकडे आम्हांला पाठव आणि पुन्हा पुन्हा जाण्याची चिकाटी दे. आमेन.