जेवणानंतरची पंधरा मिनिटे



मधुमेहाची गोळी घेतली की झाले, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. परंतु चालताना पायांचे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातील साखर ओढून घेतात. जेवणानंतर तास-दीड तासात साखर सर्वाधिक चढते. म्हणून जेवून लगेच टीव्हीपुढे बसण्यापेक्षा पंधरा मिनिटे चाला. (हातात रोझरी असली तरी हरकत नाही!) आठवड्याला १५० मिनिटे भरावीत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. घाम सुटून थरथरल्यास लगेच तोंडात टाकावी.

अनवाणी मात्र चालू नका. मधुमेहात तळव्यांची संवेदना हरवू शकते. आजाऱ्यांच्या भेटीला गेलो असता एका काकांच्या टाचेत खिळा रुतलेला पाहिला. दोन दिवस त्यांना पत्ताच नव्हता. रोज तळवे पाहा. वाकता येत नसेल तर नातवाला पाहायला सांगा.